राजरस्ता क्रमांक ६६ : एका दिवसाचा प्रवास

रस्ता म्हणजे काय, असा प्रश्न कोणीं केला तर आपण सहज उत्तर देऊं कीं, एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाण्याचें तें साधन होय. हें उत्तर खरें आहे, परंतु अर्धेंच आहे. रस्ता जसा जाणाऱ्याचा असतो, तसा तो त्याच्या कडेला राहणाऱ्याचाहि असतो. जाणाऱ्याला तो जितका लवकर संपेल तितका बरा वाटतो. कडेला राहणाऱ्याला मात्र जाणाऱ्यानें घटकाभर थांबावें असें वाटतें, कारण त्या थांबण्यावर त्याच्या घरची चूल पेटत असते. या दोन इच्छांची ओढाताण जगांतील प्रत्येक मोठ्या रस्त्यावर चालू असते; परंतु अमेरिकेंतील ६६ क्रमांकाच्या राजरस्त्यावर ती जितकी स्पष्ट दिसते तितकी इतरत्र क्वचितच दिसत असेल. हा मार्ग ११ नोव्हेंबर १९२६ रोजीं अस्तित्वांत आला, म्हणजे २०२६ हें त्याच्या शताब्दीचें वर्ष होय. त्या निमित्तानें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस या रस्त्याची ओळख करून द्यावी व त्यावरून एक दिवस मनानें प्रवास घडवावा, असें योजिलें आहे.

प्रथम नकाशाच्या पुस्तकांत अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचें पान उघडावें. वरच्या बाजूस मिशिगन सरोवराच्या कांठीं शिकागो शहर सांपडेल. तेथून बोट तिरपें खालीं, डाव्या हाताला सरकवीत इलिनॉय, मिसूरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सस, न्यू मेक्सिको व ॲरिझोना या राज्यांतून कॅलिफोर्नियांत न्यावें, आणि पॅसिफिक महासागराच्या कांठीं उभें करावें. आपण ६६ क्रमांकाच्या मार्गानें गेलों. आठ राज्यांतून जाणारा हा रस्ता सुमारें २,४४८ मैलांचा, म्हणजे जवळजवळ ३,९४० किलोमीटरांचा होता. त्यांत कॅन्ससच्या वांट्यास अवघे तेरा मैल आले. आरंभीं तो लॉस अँजेलिस शहरांत संपत असे. १९३६ सालीं तो पुढें समुद्रकांठच्या सँटा मोनिकापर्यंत वाढविण्यांत आला.

१९२६ पूर्वीं अमेरिकेंतील लांब पल्ल्याच्या मोटाररस्त्यांना नांवें असत, क्रमांक नसत. प्रत्येक नांवामागें एखादी खासगी मंडळी असे, आणि एकाच रस्त्यावर दोन-तीन नांवांच्या खुणा दिसून नवख्या प्रवाशाचा गोंधळ होई. हा घोटाळा मिटविण्यासाठीं सर्व देशभर क्रमांक देण्याचें ठरलें. त्या कामांत ओक्लाहोमा राज्यांतील टल्सा शहरचे सायरस एव्हरी हे पुढारी होते. शिकागोहून निघालेला रस्ता आपल्या राज्यांतून जावा अशी त्यांची खटपट होती, आणि त्याला ६० हा क्रमांक मिळावा अशी इच्छा होती. परंतु केंटकी राज्यालाहि ६० हाच आंकडा पाहिजे होता. बराच वाद झाल्यावर ३० एप्रिल १९२६ रोजीं मिसूरींतील स्प्रिंगफील्ड येथें जमलेल्या मंडळींनीं, कोणालाहि न दिलेला ६६ हा आंकडा पत्करला व तशी तार केली. तडजोडीनें आलेला हा आंकडाच पुढें जगप्रसिद्ध झाला.

क्रमांक मिळाला म्हणजे रस्ता झाला असें नव्हे. त्या वर्षीं एकंदर लांबीपैकीं सुमारें ८०० मैलच पक्के होते. बाकीचा रस्ता माती, खडी किंवा लांकडी फळ्यांचा होता. तो सर्व पक्का होण्यास १९३८ साल उजाडलें. दरम्यान लोकांचें लक्ष त्याकडे वेधावें म्हणून १९२८ सालीं एक विलक्षण शर्यत झाली. लॉस अँजेलिसहून निघून याच मार्गानें शिकागोपर्यंत, व तेथून पुढें न्यूयॉर्कपर्यंत माणसांनीं पायीं धांवत जावयाचें! १९९ जण निघाले. शेवटपर्यंत ५५ जण पोंचले. पहिला आला तो ओक्लाहोमाचा अँडी पेन नांवाचा वीस वर्षांचा चेरोकी जमातीचा तरुण. ८४ दिवस चाललेल्या त्या शर्यतींत त्यानें पंचवीस हजार डॉलर मिळविले आणि त्या पैशांतून आपल्या आईबापांच्या शेतावरील कर्ज फेडलें.

आतां प्रवासास निघूं. सबंध मार्ग एका दिवसांत होणें शक्य नाहीं. म्हणून आपण ॲरिझोना राज्यांतील सुमारें तीनशें मैलांचाच भाग घेऊं. तेथें जुन्या रस्त्याचे मोठमोठे तुकडे अजून वापरांत आहेत. उन्हाळ्यांतील लांब दिवस आहे असें समजूं, आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जाऊं, कारण ज्यांच्यासाठीं हा रस्ता सर्वांत महत्त्वाचा ठरला ते लोक त्याच दिशेनें गेले.

सकाळीं आपण पेट्रिफाइड फॉरेस्ट, म्हणजे पाषाण झालेल्या अरण्याच्या राष्ट्रीय उद्यानांत आहों. येथें झाडांचे ओंडके पडलेले दिसतात. पण हात लावावा तों थंडगार दगड! सुमारें बावीस कोटी वर्षांपूर्वीं ही झाडें नदीच्या गाळांत व ज्वालामुखीच्या राखेंत गाडलीं गेलीं. राखेंतील गारेचा अंश पाण्यांत विरघळून लांकडांत मुरला, आणि कालांतरानें लांकडाची जागा गारेनें घेतली. लोहासारख्या द्रव्यांच्या योगानें त्यावर तांबडे, पिवळे व जांभळे रंग चढले. याच उद्यानांत आणखी एक अवशेष आहे. १९३२ सालची एक गंजलेली स्टूडबेकर मोटार माळावर उभी आहे, आणि तिच्या मागें तारेच्या जुन्या खांबांची एक ओळ क्षितिजाकडे गेलेली आहे. रस्ता नाहींसा झाला आहे. तो कोठून जात होता हें ती ओळ सांगते. एकीकडे कोट्यवधि वर्षांपूर्वींचें अरण्य आणि दुसरीकडे शंभर वर्षांच्या आंतला रस्ता, दोन्ही सारखींच इतिहासजमा झालेलीं पाहून मन क्षणभर स्तब्ध होतें.

येथून पश्चिमेस होलब्रुक गांव लागतें. गांवांत शिरतांच एका अंगणांत काँक्रीटचे पंधरा पांढरे शंकु उभे दिसतात. दुरून पाहणाऱ्यास वाटतें कीं, अमेरिकेंतील आदिवासींनीं तळ दिला आहे. वस्तुतः तें एक मोटेल आहे, म्हणजे ज्याच्या दाराशींच मोटार उभी करून निजावयास जातां येतें असें उतारूंचें विश्रांतिगृह. चेस्टर लुईस यांनीं तें १९५० सालीं बांधलें. मूळ कल्पना केंटकीचे फ्रँक रेडफर्ड यांची होती. आणि ती वापरूं देण्याचें मोल त्यांनीं मोठ्या गमतीनें घेतलें. प्रत्येक खोलींत नाणें टाकल्यावर अर्धा तास चालणारा रेडिओ ठेवावयाचा, आणि त्यांत जमलेलीं नाणीं रेडफर्ड यांस पाठवावयाचीं! येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या मोटेलास विगवॅम म्हणतात, पण हा आकार विगवॅमचा नव्हे. तो टीपी नांवाच्या तंबूचा आहे. शिवाय टीपी हें उत्तरेकडील व मध्यभागांतील मैदानी जमातींचें घर होय. होलब्रुकच्या परिसरांतील नॅव्हाहो लोक होगन नांवाच्या निराळ्याच घरांत राहत, आणि होपी लोक दगडी घरांच्या गांवांत. परंतु मोटारींतून जाणाऱ्याला इतका विचार करण्यास वेळ नव्हता. त्यानें सिनेमांत जें पाहिलें होतें तेंच रस्त्याच्या कडेला उभें केलें कीं तो थांबे. या रस्त्यावरील कित्येक चमत्कार असे आहेत कीं, त्यांत त्या भूमीचें खरें रूप कमी आणि प्रवाशाच्या डोक्यांतील चित्र अधिक आहे.

होलब्रुक सोडल्यावर जोसेफ सिटीजवळ जॅक रॅबिट नांवाचें दुकान लागतें. १९४९ सालीं जेम्स टेलर नांवाच्या गृहस्थानें तें चालविण्यास घेतलें. उघड्या माळावरील दुकानांत गिऱ्हाईक यावें कसें? त्यानें पिवळ्या फळ्यांवर काळ्या सशाचें चित्र काढून त्या मैलोगणती दूरपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या केल्या. प्रवाशांना वारंवार ससा दिसे. मागच्या बाकावरील मुलें विचारूं लागत, ‘हा ससा आहे तरी कुठें?’ आणि अखेर प्रत्यक्ष दुकानासमोर एक भली मोठी पाटी दिसे. तिच्यावर ‘हें पहा, आलें!’ अशा अर्थाचे शब्द असत. ती पाटी अजून उभी आहे. जाहिरातीची विद्या म्हणून जी आज मोठमोठ्या पेढ्या पैसे मोजून मिळवितात, तिचें सार या माणसाला माळावर सुचलें होतें: आधीं उत्सुकता जागी करावी, तिला वाढूं द्यावें, आणि अगदीं योग्य जागीं ती पुरी करावी.

पुढें विन्स्लो गांव. येथें मोटारीच्याहि पूर्वीं आगगाडी आली होती. सँटा फे रेल्वेच्या उतारूंसाठीं १९३० सालीं ला पोसाडा नांवाचें सुंदर हॉटेल बांधण्यांत आलें. त्याची रचना मेरी कोल्टर या बाईंनीं केली होती, आणि त्या काळीं स्थापत्याच्या धंद्यांत स्त्रिया फारच थोड्या असत हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांच्या कर्तृत्वाचें मोल कळतें. १९५७ सालीं हें हॉटेल बंद पडलें व इमारतींत रेल्वेच्या कचेऱ्या भरूं लागल्या. १९९७ सालीं तिचा जीर्णोद्धार सुरू होऊन पुन्हां पाहुणे येऊं लागले. याच गांवाचें नांव १९७२ सालच्या एका लोकप्रिय गाण्यांत आलें आहे. तेवढ्या उल्लेखाच्या जोरावर गांवकऱ्यांनीं १९९९ सालीं चौकाच्या कोपऱ्यावर एक लहानशी बाग केली व तींत गिटारवाल्या तरुणाचा पुतळा बसविला. आज तेथें छायाचित्र काढून घेण्यासाठीं दूरदूरचे लोक थांबतात. नवा महामार्ग गांवाच्या बाहेरून गेल्यावर ज्याच्यापाशीं दुसरें कांहींच उरलें नव्हतें, त्या गांवानें गाण्याची एक ओळ जपून ठेवली, आणि त्या ओळीनें गांवाला आधार दिला.

विन्स्लोच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर निसर्गाचा खरा चमत्कार आहे. सुमारें पन्नास हजार वर्षांपूर्वीं आकाशांतून लोखंडाचा एक प्रचंड गोळा पृथ्वीवर आदळला. त्यानें पाडलेला खड्डा पाऊण मैल रुंद व साडेपांचशें फूट खोल आहे. डॅनिएल बॅरिंजर यांना १९०३ पासून खात्री वाटत होती कीं, तळाशीं लोखंडाचा मोठा सांठा असला पाहिजे. त्यांनीं अनेक वर्षें व पुष्कळ द्रव्य खर्चून खोदकाम केलें, पण सांठा मिळाला नाहीं. कारण आघाताच्या उष्णतेनें व जोरानें बहुतेक लोखंडाची वाफ होऊन गेली होती किंवा चुरा होऊन तें उधळलें होतें. खड्डा उल्केनेंच झाला हें त्यांचें म्हणणें मात्र बरोबर ठरलें. १९६० च्या सुमारास यूजीन शूमेकर यांनीं येथील दगडांतील पुराव्यानें तें सिद्ध केलें. पुढें चंद्रावर जाणाऱ्या अंतराळवीरांना येथें शिक्षण देण्यांत आलें.

दोन प्रहरीं आपण फ्लॅगस्टाफला पोंचतों. वाळवंट मागें राहून उंच पाइन वृक्षांची राई लागते, कारण हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ७,००० फूट उंच आहे. येथील लॉवेल वेधशाळेंतच १९३० सालीं क्लाइड टॉम्बॉ यांनीं प्लूटो शोधून काढला. येथें भोजन उरकून विल्यम्स गांवाकडे निघावें. वाटेंत आपली मोटार बहुतेक चाळीस क्रमांकाच्या नव्या महामार्गावरूनच धांवते, आणि हा महामार्ग कोठून आला हें सांगण्याची वेळ आतां आली आहे.

१९५६ सालीं अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकीर्दींत एक कायदा झाला, आणि त्यानें देशभर ४१,००० मैलांचे नवे महामार्ग बांधण्याचें ठरलें. या महामार्गांवर चौक नाहींत, सिग्नल नाहींत, समोरासमोर येणारी वाहनें नाहींत. ठराविक ठिकाणींच आंत शिरावें व बाहेर पडावें. वेग वाढला, आणि समोरासमोर टक्कर होण्याचें भय पुष्कळ कमी झालें. ६६ क्रमांकाच्या अरुंद वळणांवर किती माणसें दगावत असत तें आठवलें म्हणजे हे नवे रस्ते वाईट होते असें कोणीहि म्हणूं नये. परंतु त्यांनीं गांवांना वळसा घातला. एकामागून एक गांव बाजूला पडत गेलें. शेवटचा क्रम विल्यम्सचा लागला. १३ ऑक्टोबर १९८४ रोजीं त्यालाहि बगल देण्यांत आली. पुढें २७ जून १९८५ रोजीं ६६ हा क्रमांकच अधिकृत यादींतून काढून टाकण्यांत आला. नकाशा छापणाऱ्यांनीं ती रेघ पुसली. त्या रेघेवर ज्यांचीं घरें होतीं त्यांनीं काय करावयाचें, याचें उत्तर कोणत्याहि कायद्यांत नव्हतें.

तें उत्तर एका न्हाव्यानें दिलें. विल्यम्सच्या पुढें आपण महामार्ग सोडतों व जुन्या रस्त्यानें सेलिग्मन नांवाच्या लहानशा गांवांत येतों. येथें एंजल डेल्गाडिलो यांचें केशकर्तनालय आहे. त्यांचा जन्म १९२७ सालचा, म्हणजे रस्त्याच्या व त्यांच्या वयांत एका वर्षाचेंहि अंतर नाहीं. २२ सप्टेंबर १९७८ रोजीं नवा महामार्ग खुला झाला, आणि ज्या रस्त्यावर दिवसरात्र मोटारींची रीघ असे तो त्याच दिवशीं ओस पडला. दुकानें बंद झालीं, शेजारी गांव सोडून गेले. डेल्गाडिलो गेले नाहींत. त्यांनीं अशी कल्पना मांडली कीं, रस्ता जाण्यासाठीं नको असेल तर नसो. परंतु पाहण्यासाठीं तो राखला पाहिजे. १९८७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं सेलिग्मनमध्येंच एक संघ स्थापून राज्य सरकारकडे अर्ज-विनंत्यांचा सपाटा लावला. आणि त्याच वर्षीं ॲरिझोना सरकारनें या भागास ऐतिहासिक मार्ग म्हणून मान्यता दिली. पाठोपाठ इतर राज्यांतहि असे संघ निघाले. पुढें २००६ साली ‘कार्स’ नांवाचा जो बोलपट लहान मुलांत फार गाजला, त्यांतील विसरलेल्या गांवाची कल्पना त्याच्या निर्मात्यांना या रस्त्यावरील अशाच गांवांवरून सुचली, आणि तिच्या तयारींत ते डेल्गाडिलो यांस येऊन भेटले होते. हातांत कात्री व वस्तरा यांपलीकडे कोणतेंहि साधन नसलेल्या माणसानें सरकारला आपलें म्हणणें पटवून दिलें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं मनांत ठेवावी.

त्यांचे बंधु हुआन यांनीं १९५३ सालीं येथें ‘स्नो कॅप’ नांवाचें उपाहारगृह काढलें. तें रेल्वेच्या टाकाऊ लांकडांतून उभारलें होतें. पण त्याची खरी कीर्ति मालकाच्या थट्टेखोरपणामुळें झाली. दाराला दोन मुठी, त्यांतील एक खोटी; मोहरीची चटणी मागितली तर बाटलींतून अंगावर पिवळी दोरी उडावयाची; आणि दारावर ‘क्षमा करा, दुकान उघडें आहे’ अशी पाटी! हुआन २००४ सालीं वारले. घरच्या माणसांनीं ती रीत पुढें चालविली.

‘दुकान उघडें आहे’ हे शब्द वाचून हसूं येतें. पण येथें एक गंभीर प्रश्न उभा राहतो. हा रस्ता सर्वांना सारखाच उघडा होता काय? खेदानें सांगावें लागतें कीं, नव्हता. कृष्णवर्णी अमेरिकन माणसाला या मार्गावरील कित्येक हॉटेलांत खोली मिळत नसे, कित्येक उपाहारगृहांत अन्न मिळत नसे, आणि कांहीं गांवांत तर सूर्यास्तानंतर त्यानें राहूं नये असा दंडक असे. त्यामुळें न्यूयॉर्कमधील टपालखात्यांतील एक नोकर व्हिक्टर ग्रीन यांनीं १९३६ सालीं एक पुस्तिका काढली; कोणत्या गांवीं कोणाच्या घरीं उतरतां येईल, कोठें पेट्रोल मिळेल, याची ती यादी असे, आणि सुमारें तीस वर्षें ती निघत होती. १९४६ सालीं या रस्त्याचें जें गाणें घरोघर पोंचलें तें गाणारे नॅट किंग कोल स्वतः कृष्णवर्णी होते. त्या गाण्यानें ज्या आनंदाचें आमंत्रण सर्वांना दिलें, तो त्यांच्या बांधवांना वाटेंत सर्वत्र मिळत नव्हता. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें हॉटेलें व खाणावळी यांतील हा भेद बेकायदा ठरविला. जुन्या काळाची आठवण गोड असते. परंतु ती कोणाची आठवण आहे हें विचारल्यावांचून ती पुरी होत नाहीं.

सेलिग्मनच्या पुढें रस्ता शांत होतो. जुन्या मार्गाचा सुमारें १६० मैलांचा हा भाग, सर्व मार्गांत अखंड राहिलेला सर्वांत लांब तुकडा मानला जातो. कडेला लहान लहान लाल पाट्यांची एक मालिका दिसते. एकेका पाटीवर दोन-तीन शब्द, आणि पांच-सहा पाट्या वाचल्या कीं एक विनोदी कविता पुरी होते. दाढीच्या साबणाची ही जाहिरात १९२५ सालीं सुरू झाली व १९६३ सालीं थांबली. येथें तिच्या प्रतिकृति आठवणीदाखल उभारल्या आहेत. मोटारी वेगानें जाऊं लागल्या तेव्हां पाट्या वाचण्यास वेळ उरला नाहीं, आणि कवितांचाहि काळ संपला. पुढें पीच स्प्रिंग्स हें हुआलापाइ जमातीचें मुख्य ठिकाण लागतें. रस्त्याला क्रमांक मिळाला तो १९२६ सालीं. हे लोक या भूमींत त्याच्या कितीतरी पिढ्या आधींपासून राहत आले आहेत. त्यानंतर हॅकबेरी येथील जुनें दुकान. १९३४ सालचें हें दुकान नव्या महामार्गामुळें बंद पडलें होतें. १९९२ सालीं बॉब वॉल्डमायर नांवाच्या चित्रकारानें तें पुन्हां उघडलें.

किंगमन शहर ओलांडल्यावर दिवसांतील कठीण भाग येतो. सुमारें ३,५५० फूट उंचीच्या सिटग्रीव्ह्‌झ खिंडीकडे रस्ता नागासारखा वळत जातो. कडेला कठडे बहुधा नाहींतच. जुन्या काळीं कित्येक चालक हा घाट उलट्या तोंडानें, म्हणजे मोटार मागें नेत चढत असत! हें ऐकून नवल वाटेल, पण कारण सरळ आहे. फोर्डच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलची टाकी बैठकीखालीं असे, आणि पेट्रोल ओढून घेणारा पंप नसे. तें आपोआप उताराकडे वाहत यंत्रांत जाई. गाडी चढाला लागली म्हणजे पुढचें यंत्र टाकीहून वर जाई, आणि पेट्रोल येईनासें होई. गाडी उलटी फिरविली कीं टाकी वर व यंत्र खालीं. शिवाय मागें जाण्याच्या गतींत यंत्राचा जोरहि अधिक लागे. ज्यांना हें धाडस होत नसे ते पैसे देऊन गाडी ओढवून घेत. हा घाट टाळण्यासाठीं १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच निराळ्या बाजूनें नवा रस्ता काढण्यांत आला.

खिंड उतरतांच ओटमन हें सोन्याच्या खाणीचें गांव लागतें. खाणी बंद पडल्यावर खाणकामगारांनीं आपलीं गाढवें सोडून दिलीं. माणसें गेलीं, गाढवें राहिलीं! त्यांचे वंशज आज गांवच्या रस्त्यांतून ऐटीनें फिरतात आणि मोटारीच्या खिडकींत तोंड घालून खाऊ मागतात. १९७१ च्या एका कायद्यानें अशा मोकाट गाढवांना संरक्षण मिळालें आहे. ज्या जनावरांचा उपयोग संपला म्हणून त्यांना टाकून दिलें, तींच आज गांवाला पोसतात, कारण त्यांना पाहण्यासाठींच प्रवासी येतात.

सूर्य मावळतीला येतो तेव्हां आपण टोपॉक येथें कोलोरॅडो नदीच्या कांठीं उभे असतों. समोर पोलादी कमानीचा पांढरा पूल आहे. तो १९१६ सालचा. १९४७ पर्यंत ६६ क्रमांकाचा रस्ता त्यावरून जाई, आतां त्यावरून नळ गेलेले आहेत. पलीकडे कॅलिफोर्निया. १९३० नंतरच्या दशकांत मंदी, अवर्षण व धुळीचीं वादळें यांनीं ओक्लाहोमा व शेजारच्या राज्यांतील शेतकरी देशोधडीस लागले. जुन्या मोटारींवर गाद्या, भांडीं, म्हातारीं माणसें व मुलें लादून दोन लाखांहून अधिक लोक कॅलिफोर्नियाकडे गेले. त्यांतील फार मोठा भाग याच रस्त्यानें गेला. त्यांची कथा जॉन स्टाइनबेक यांनीं १९३९ सालीं ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरींत सांगितली, आणि या रस्त्याला आईची उपमा दिली. परंतु आईच्या मांडीवर निजलेल्या लेकरांना दार मात्र बंद होतें. १९३६ सालीं लॉस अँजेलिसच्या पोलिसांनीं राज्याच्या सीमेवर चौक्या बसविल्या व ज्यांच्यापाशीं पैसे दिसत नसत त्यांना परत फिरविलें. एकाच देशाचे नागरिक, पण खिसा रिकामा म्हणून परके! पुढें १९४१ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, गरिबाला आपल्या राज्यांत आणणें हा गुन्हा ठरविण्याचा अधिकार कोणत्याहि राज्यास नाहीं.

आपला दिवस येथें संपला. सकाळपासून आपण जें पाहिलें त्यांत सशाच्या पाट्या, काँक्रीटचे तंबू व खाऊ मागणारीं गाढवें अशा गोष्टी पुष्कळ आल्या. मोठ्या राजवाड्यांच्या व किल्ल्यांच्या पुढें त्या क्षुल्लक वाटतील. पण त्या प्रत्येक गोष्टीमागें एक माणूस उभा होता, आणि तो जाणाऱ्याला विनवीत होता कीं, ‘क्षणभर थांबा, आम्हीहि येथें राहतों.’ नव्या महामार्गानें ही विनवणी ऐकूं येईनाशी केली. नवा रस्ता बांधूं नये असें यावरून ठरत नाहीं. माणसांचे प्राण व वेळ वांचविणारा रस्ता बांधलाच पाहिजे. मात्र तो आंखतांना ज्या गांवांना वगळलें जातें त्यांचा हिशेबहि त्याच कागदावर मांडला पाहिजे, आणि तो कोणी मांडीत नसेल तर सेलिग्मनच्या न्हाव्याप्रमाणें गांवानें स्वतः तो मांडावा. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां अभियंते होतील, कोणी अधिकारी होतील, आणि बहुतेक सर्वजण प्रवासी तर होतीलच. प्रवासांत पोंचण्याची घाई सर्वांनाच असते. तींतून चार घटका काढून रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याची विचारपूस करावी, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकांत न सांपडणारा देश त्यांना पाहावयास मिळेल.